चरित्रमालिका अकराव्या भागाला का दमते

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पाच जण मिळून पुण्यातल्या एका कम्युनिटी रेडिओवर दर आठवड्याला १५ मिनिटांची मालिका करताय, पुण्यात राहून काम केलेल्या माणसांची चरित्रं. अकरा भाग झाले. पहिल्या चार-पाच भागांना लोकांचे फोन आले, आता येत नाहीत, सगळे भाग एकसारखे वाटतात, टीम दमलीय, एका घरून नातेवाइकांची तक्रारही आलीय. आणि तुम्ही विचारताय की वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकांना इतकी माणसं मिळतात कुठून, आणि जाता जाता, सिग्नेचर ट्यून बदलली तर काही फरक पडेल का.

मी सव्वीस वर्षं रेडिओसाठी लिहितेय, त्यातली आठ वर्षं एकच साप्ताहिक चरित्रमालिका केली, चारशेच्या वर भाग झाले. त्या अनुभवावरून सांगते की माणसं कमी पडत नाहीत, पुण्यात तर नाहीच नाही. तुमच्याकडची माणसं संपलेली नाहीत, ऐकण्यासारखं साहित्य संपलंय. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तुमच्या बाकीच्या अडचणीही मला वाटतं यातूनच आल्यात.

तुम्ही लिहिलंय की प्रत्येक भाग दोन पुस्तकं आणि मिळाला तर एखादा गौरवग्रंथ यावरून लिहिला जातो. हे सगळं डोळ्यांनी गोळा केलेलं साहित्य झालं. फोटो, पदव्या, सन, संस्था, पुरस्कार. कागदावर ते भारदस्त दिसतं पण माइकसमोर वाचलं की जन्म, शिक्षण, कार्य, सन्मान, निधन याच पाच पायऱ्या होतात आणि माणूस कुठलाही असला तरी वाक्यं तीच राहतात, "त्यांनी अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत" हे वाक्य तुमच्या अकरा भागांत किती वेळा आलंय ते एकदा मोजून बघाच. ऐकणारा स्वयंपाकघरात असतो, रिक्षात असतो, त्याच्यासमोर फोटो नाही. त्याला कानाने काहीतरी धरायला मिळालं तरच तो पंधरा मिनिटं थांबतो.

म्हणजे नक्की काय करायचं ते उदाहरणानेच सांगते. आनंदीबाई जोशींवर भाग करायचा झाला तर नव्वद टक्के लोक "३१ मार्च १८६५ रोजी पुण्यात" इथून सुरू करतील. आम्ही सुरुवात केली ती अमेरिकेतल्या एका दंतवैद्याच्या वेटिंग रूममधून. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी मिशनऱ्यांना लिहिलेलं पत्र तिकडच्या एका मिशनरी मासिकात छापून आलं होतं आणि १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिसिया कार्पेंटर यांच्या हातात तो अंक पडला, कधी, तर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या असताना. पान उलटल्याचा आवाज, बाहेर घोडागाडी, आणि एक बाई हिंदुस्थानातल्या एका अनोळखी मुलीबद्दल वाचतेय. बस्, ऐकणारा थांबला. मग कार्पेंटर मावशी आणि आनंदीबाई यांचा पत्रव्यवहार, १८८३ चा प्रवास, ११ मार्च १८८६ ची पदवी, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात झालेला मृत्यू, बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. शेवट पुन्हा तिकडेच, कारण आनंदीबाईंची रक्षा त्या कार्पेंटर बाईंकडे पाठवली गेली आणि पुकीप्सीला त्यांच्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली गेली. यातली एकही माहिती नवीन नाही, सगळी छापलेली आहे, फक्त कुठून ऐकायचं ते ठरवलं.

दुसरं उदाहरण महर्षी कर्वे. १०४ वर्षांचं आयुष्य, आश्रम १८९६, महिला विद्यापीठ १९१६, भारतरत्न १९५८, पंधरा मिनिटांत नुसती यादी वाचूनच दमछाक होते. आम्ही फक्त त्यांचं चालणं घेतलं. मुलगा मुरुडहून साताऱ्याला परीक्षेसाठी घाट चढून पायी जातो आणि तिथे पोचल्यावर वय लहान दिसतं म्हणून त्याला परीक्षेला बसूच देत नाहीत. मग फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे प्राध्यापक, आणि १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर झोपडीत गेलेला आश्रम, म्हणजे आजचं कर्वेनगर, तिथपर्यंतची पायपीट, चिखलातून. मग उतारवयात वर्गणीसाठी दारोदार. संपूर्ण भागात पावलांचा आवाज चार वेळा आला, प्रत्येक वेळी वेगळ्या जमिनीवर, खडी, चिखल, फरशी, आणि शेवटी नुसती काठी. विद्यापीठाला आम्ही दोनच वाक्यं दिली आणि त्याबद्दल एकाही श्रोत्याने तक्रार केली नाही.

आता मान्य करते की हे माणसामाणसावर अवलंबून आहे. एकोणिसाव्या शतकातला माणूस असेल तर त्याला पाहिलेलं आज कोणी नाही, तिथे पत्रं, आत्मचरित्रं आणि जुनी वर्तमानपत्रं यांवरच भिस्त. पुण्यात त्याची चंगळ आहे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासूनचं, केसरीचे अंक १८८१ पासूनचे. अंक बघायला मिळाले तर अग्रलेखांच्या आधी जाहिराती वाचा, त्या काळचं घर जाहिरातीतून लवकर कळतं. पण तुमच्या यादीत जी माणसं दिसतायत, मास्तर, डॉक्टर, छापखान्यातली, तालमीतली, त्यांची मुलं-सुना अजून पेठांमधून आहेत. तिथे पुस्तकापेक्षा मुलाखत मोठी, आणि मुलाखतीत तुमचं जे चुकतंय ते प्रश्नांत चुकतंय.

"तुमचे वडील कसे होते?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, फार शिस्तीचे होते, अत्यंत प्रामाणिक होते, माणूस म्हणून थोर. एकदा नारायण पेठेत एका जुन्या छापखान्यातल्या कंपोझिटरवर भाग करत होतो, खिळे जुळवण्यात उभा जन्म गेलेला माणूस, त्यांच्या लेकीकडे मी बसले होते. आजी ऐंशीच्या पुढच्या. चाळीस मिनिटं झाली, टेपवर शिस्त आणि प्रामाणिकपणा सोडून काही नाही. मग मी विचारलं, आजी, वडील घरी आलेत हे तुम्हाला आत बसून कसं कळायचं? त्या थांबल्या. म्हणाल्या, आधी सायकल भिंतीला टेकायची. मग मोरीत घंगाळ्यातलं पाणी, बराच वेळ, कारण शाई निघायची नाही, आधी रॉकेलचं बोळकं आणि मग साबण. आणि जेवायला बसले की डाव्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर चालायची, टिक टिक टिक, आई म्हणायची आता तरी छापखाना बंद करा. मी म्हटलं, कसं ते दाखवता का? आजी उठल्या, मांडणीवरून स्टीलचं ताट काढलं, मांडीवर घेतलं आणि नखांनी कडेवर वाजवून दाखवलं, चार-पाच सेकंद, डावीकडून उजवीकडे, मध्ये एक अंतर सोडून, म्हणजे शब्द संपला. ओळ जुळवत होत्या त्या, वडिलांची. आमचा भाग त्या आवाजाने सुरू झाला आणि आवाज कशाचा आहे ते नवव्या मिनिटापर्यंत आम्ही सांगितलंच नाही.

तेव्हापासून आमच्या वहीच्या पहिल्या पानावर कानाचे प्रश्न लिहिलेले असायचे. घरात सगळ्यात आधी कोण उठायचं आणि त्याचा आवाज कसला यायचा. ते रागावले की आवाज चढायचा की बंद व्हायचा. तुम्हाला हाक काय मारायचे. घरात एकटे असले की काय गुणगुणायचे, गुणगुणायचे का. शेवटचं त्यांचं बोलणं कुठलं आठवतं. या प्रश्नांना कोणाकडेही पाठ केलेलं उत्तर नसतं, माणसाला खरंच आठवावं लागतं, आणि आठवताना जी शांतता पडते ती एडिटिंगमध्ये कापू नका, निदान दोन सेकंद ठेवा.

पुण्यात असे प्रश्न विचारायला आणखी एक कारण आहे. नदीकाठच्या पेठांतल्या घरी तुम्ही कागदपत्रं, फोटो मागितले की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सगळं पानशेतात गेलं." १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा पत्रं, डायऱ्या, वह्या, ट्रंकांच्या ट्रंका वाहून गेल्या. नवीन लोक इथे निराश होऊन परत येतात, काही मिळालं नाही म्हणून. अहो, त्या दिवशी घरातून काय उचललं आणि काय राहिलं हे विचारा ना! माणूस कशाला धरून पळाला यावरून तो जितका कळतो तितका मानपत्रावरून नाही कळत.

नातेवाइकांच्या तक्रारीबद्दल. तुमची तक्रार नेमकी काय होती ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझ्याकडून झालेली चूक सांगते. एका शिक्षकावरचा भाग मी संपूर्ण एका गौरवग्रंथावरून लिहिला. चांगला झाला असं वाटलं. चार दिवसांनी एक गृहस्थ आले, हातात जुनं इनलँड लेटर, त्या शिक्षकांच्या मोठ्या बहिणीचे नातू. आई लहानपणी गेल्यावर या बहिणीने त्यांना वाढवलं, वार लावून जेवायला घातलं, दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करून फी भरली, आणि गौरवग्रंथात तिचं नावच नव्हतं, म्हणून माझ्या भागातही नव्हतं. ते गृहस्थ भांडले नाहीत, फक्त म्हणाले, आजी असती तर ऐकत बसली असती हो रेडिओला कान लावून. मला आजही ते वाक्य जसंच्या तसं आठवतं. पुढच्या भागाच्या सुरुवातीला आम्ही तिचं नाव घेतलं, तिने काय केलं ते सांगितलं, पूर्ण दीड मिनिट. आणि तेव्हापासून प्रत्येक माणसाच्या बाबतीत एक प्रश्न सक्तीचा केला, हा माणूस बाहेर एवढं काम करत होता तेव्हा घरात कोण राबत होतं?

घरचे लोक स्क्रिप्ट आधी मागतात. मी स्क्रिप्ट देत नाही, पण नावं, नाती, तारखा फोनवर वाचून दाखवते आणि चूक असेल तर लगेच सुधारते. मत त्यांचं ऐकते, बदलतेच असं नाही. मुलाखत घेतानाच संमतीच्या कागदावर सही घ्या, आणि ती फक्त प्रसारणाची नाही तर नंतर इंटरनेटवर टाकायचीही घ्या, हे दुसरं लोक विसरतात आणि मग वर्षभराने परत दार वाजवावं लागतं. आणि चूक झाली तर ती त्याच मालिकेत, त्याच वेळेला, ऑन एअर दुरुस्त करा, फेसबुकवर पोस्ट टाकून नाही. ज्याने चूक ऐकली त्याला दुरुस्तीही ऐकू आली पाहिजे.

तर साहित्य कानाने गोळा करायचं आणि घरातल्या माणसांना सोडायचं नाही, इथपर्यंत झालं. आता टीम का दमलीय.

तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय की सोमवारी माणूस ठरतो, गुरुवारी स्क्रिप्ट, शनिवारी रेकॉर्डिंग, रविवारी प्रसारण, आणि पाचही जण सगळंच करतात. असं कोणीही बारा आठवड्यांच्या पुढे टिकत नाही. पुण्यात आठवड्याच्या मालिकेचं नाव काढलं की गीतरामायणाचं नाव निघतंच. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून सुरू झालं, वर्षभर आठवड्याला एक गीत, अधिक महिना आल्यामुळे ५२ ऐवजी ५६ झाली. लोक त्यातली प्रतिभा बघतात आणि ती आहेच, पण आमच्या धंद्यातल्या माणसाने कामाची वाटणी बघावी, शब्द गदिमांचे, चाल बाबूजींची म्हणजे सुधीर फडक्यांची, केंद्रावर सगळं जुळवून आणणारे सीताकांत लाड, गाणारे आवाज निरनिराळे. एकाच माणसाच्या मानेवर आठवडा नव्हता.

आम्ही एका वेळी सहा माणसं हातात ठेवायचो. एकाचं नुसतं वाचन चाललेलं, एकाच्या घरी फोन करून वेळ मागितलेली, एकाची मुलाखत झालेली, एकाची स्क्रिप्ट लिहायला घेतलेली, एकाचं रेकॉर्डिंग, एकाचं एडिटिंग. म्हणजे प्रत्येक भागाला दीड महिना मिळतो आणि तरी दर आठवड्याला एक भाग बाहेर पडतो. त्याशिवाय चार भाग तयार करून कपाटात, आणि एक भाग असा की जो कधीही लावता येईल, ज्यात जयंती-पुण्यतिथीचा उल्लेखच नाही. हा साठा करण्यासाठी तुम्हाला आता एक महिना मालिका थांबवावी लागली तरी थांबवा, स्टेशनला सांगून जुने चांगले भाग पुन्हा लावा. गणपतीचे दहा दिवस तर पेठांमध्ये रेकॉर्डिंग होणारच नाही हे धरूनच चाला, आणि पत्र्याचं छप्पर असेल त्या घरी पावसाळ्यात जाऊ नका. तुम्ही सगळे नोकऱ्या सांभाळून करताय, तर पाक्षिक करायलाही काही हरकत नाही. स्टेशनचा स्लॉट साप्ताहिकच असेल तर मधल्या आठवड्यात त्याच माणसाची न कापलेली मुलाखत लावा, लोकांना ती आवडते.

स्क्रिप्टचा हिशोब. १५ मिनिटांतून ट्यून, नाव, श्रेय वगैरे जाऊन १३ मिनिटं उरतात. मिनिटाला ११० ते ११५ मराठी शब्द हा बऱ्यापैकी वेग आहे, म्हणजे नुसतं निवेदन असेल तर साधारण १४५० शब्द, आणि चार मिनिटं मुलाखतीचे तुकडे असतील तर १००० च्या वर एक शब्द नको. तुमच्या स्क्रिप्ट १८०० शब्दांच्या आहेत म्हणालात. मग निवेदक धावणारच.

तारखा तपासताना एक खाच आहे. जुन्या कागदांत शके आणि तिथी असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण शक चैत्रात बदलतो, त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. माघातला जन्म असेल तर हमखास एक वर्ष चुकतं आणि फोन येतो. आणि आडनावं. देवनागरीत च, ज, झ चे दोन उच्चार लिहून दाखवता येत नाहीत, चहातला च वेगळा आणि चमच्यातला वेगळा, वाचणारी मुलगी पुण्याबाहेरची असेल तर ती अंदाजाने वाचणार. आम्ही अशा अक्षराखाली लाल पेनने टिंब द्यायचो आणि घरच्यांनी ते नाव स्वतः उच्चारलेलं मुलाखतीतून ऐकवायचो.

रेकॉर्डिंगबद्दल फार सांगत नाही, तुम्हाला येतंच. फक्त मुलाखत संपल्यावर त्या खोलीची एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा, एडिटिंगमध्ये दोन वाक्यं जोडताना ती लागते. आम्ही स्पूलवर काम सुरू केलं, ब्लेडने टेप तिरकी कापायची आणि चिकटपट्टीने जोडायची, तेव्हा प्रत्येक काप विचार करूनच घातला जायचा. आता माउसने काप फुकट झालाय म्हणून लोक श्वासही कापतात आणि म्हातारी माणसं यंत्रासारखी बोलायला लागतात. श्वास ठेवा. मूळ, न कापलेली मुलाखत तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक प्रत त्या घरी द्या. बऱ्याच घरांत आईवडिलांबद्दल आजी एवढं सलग बोललेली तीच एक वेळ असते.

उतारे वाचण्याबद्दल कोणीतरी तुम्हाला घाबरवलंय असं दिसतंय. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजायचा. महर्षी कर्वे १९६२ मध्ये गेले, त्यांनी हयातीत छापलेलं लिखाण २०२३ पासून मोकळं आहे. लेखिका इरावतीबाई कर्वे १९७० मध्ये गेल्या, म्हणजे २०३० संपेपर्यंत थांबायचं किंवा परवानगी घ्यायची. मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेलं असेल, पत्रं, डायरी वगैरे, तर ६० वर्षं छापल्यापासून. परवानगीसाठी साधं पत्र लिहा, कुठला उतारा, किती ओळी, कधी प्रसारण. माझ्या अनुभवात दहातले आठ जण आनंदाने देतात, आणि त्यातले काही जण मग स्वतःहून ट्रंक उघडतात.

राहिली ट्यून. ट्यून बदलू नका. अकरा भागांत ती कुणाच्या तरी घरात बसलेली असते, तुम्हाला माहीत नसलं तरी. आमच्या सहाव्या वर्षी आम्ही हौसेने नवीन ट्यून लावली तेव्हा कोथरूडहून एका बाईंचा फोन आला की सासरे अंथरुणाला खिळलेले आहेत, जुनी ट्यून लागली की ते हाताने खूण करायचे, उशी उंच कर, आज तुमचा कार्यक्रम लागला तरी त्यांनी खूण केली नाही, त्यांना कळलंच नाही सुरू झाला म्हणून. पुढच्या आठवड्यात जुनी ट्यून परत लावली.